बाण सुटल्यानंतरची पाने

गेल्या श्रावणात या अंकाच्या संपादकांनी पेडण्यात माझ्या घरी येऊन एक जाडसर पाकीट माझ्या हाती ठेवले. "सर, एवढे वाचून बघा. छापायचे की नाही ते तुम्ही सांगा, म्हणजे मी सुटलो," असे म्हणून चहा घेऊन ते सावंतवाडीला परतलेही. पाकिटात बावीस टंकलिखित पाने होती. लेखक माझाच जुना विद्यार्थी. डिचोली तालुक्यातल्या एका वाड्यावरचा मुलगा. दहावीला माझ्या हाताखाली मराठी शिकला, पुढे इंजिनियर होऊन अमेरिकेला गेला. मुलाचे अक्षर वाईट असे, पण निबंध बरा लिही. लेखाचा विषय वाचून मात्र मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. ॲरिझोनाच्या डोंगराळ अरण्यात, नोव्हेंबरच्या थंडीत, धनुष्यबाणाने केलेली नर एल्कची शिकार!

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा दूरचा, अंगाने मोठा भाऊबंद. काश्मीरचा हंगूल त्याला अधिक जवळचा. सप्टेंबरात त्यांचा माजाचा काळ असतो. त्या दिवसांत नर शीळ घातल्यासारखे ओरडतात, एकमेकांवर धावून जातात आणि माद्यांच्या मागे बेभान असतात. म्हणून तेव्हा ते शिकाऱ्याच्या हाती त्या मानाने सोपे लागतात. नोव्हेंबरात हे सगळे ओसरलेले असते. थकलेला, वजन उतरलेला नर कळप सोडून एखाद्या अवघड घळीत, जिथे चारा आहे आणि माणूस सहसा येत नाही अशा जागी मुकाट्याने राहतो. अशा वेळी त्याच्यापासून तीसचाळीस पावलांवर पोचायचे, वारा आपल्याकडून त्याच्याकडे जाऊ द्यायचा नाही, आणि मग धनुष्य ओढायचे. परवाना सोडतीने मिळतो. काहींना वर्षानुवर्षे मिळत नाही. हे सर्व माझ्या विद्यार्थ्याने नीटसपणे, कुठेही फुशारकी न मारता सांगितले आहे.

तरीही पहिल्या वाचनानंतर मी पाकिटावर पेन्सिलीने "नको" असे लिहिले. कारणे उघड होती. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवान्यावाचून शिकार हा गुन्हा ठरला आणि १९९१ च्या दुरुस्तीने तो हौशी परवानाही गेला. सत्तरीत म्हादई अभयारण्याच्या हद्दीत, गोळावलीला, २०२० च्या जानेवारीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विषप्रयोगाच्या संशयावरून गावातल्याच माणसांना अटक झाली. ज्या सत्तरी-सांग्यात वाघरोला देव मानून नारळ ठेवतात, त्या मुलखाची ही गोष्ट. हे सारे ताजे असताना दिवाळी अंकात मृगयेचे कौतुक कशाला, असे मला वाटले. मुख्याध्यापकाचा स्वभावच असा, की आधी नकार सुचतो.

पण "विषय अप्रिय आहे" हा साहित्याबाबतचा निकष होऊ शकत नाही, हे मीच वर्गात सांगत आलो आहे. तेव्हा नकाराचे कारण लेखनातूनच शोधले पाहिजे, म्हणून मी पाने दुसऱ्यांदा वाचली. आणि दुसऱ्या वाचनात माझा नकार कायम राहिला, पण त्याचे कारण साफ बदलले. ते कारण मांडण्यासाठी हा लेख.

बावीस पानांपैकी सहा पाने धनुष्यावर आहेत. हल्लीच्या धनुष्याला टोकांशी कप्प्या असतात, त्यामुळे दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार कमी होतो, वगैरे. नऊ पाने चढण, थंडी, तंबू आणि दुर्बिणीतून शोधलेली घळ यांवर. चार पाने त्या शेवटच्या चाळीस पावलांवर. ती उत्तमच आहेत. मग बाण सुटतो. आणि त्यानंतर एक वाक्य येते, त्याचा आशय असा: साडेपाच तासांनी तो आम्हांला खालच्या ओढ्यापाशी सापडला. उरलेली पाने शिंगांची मापे आणि मांस खांद्यावरून वाहून आणण्याची हकिगत.

वाचकहो, त्या साडेपाच तासांचे काय झाले?

बंदुकीची शिकारकथा बाराशी संपते, आणि ते काही अंशी स्वाभाविक आहे. गोळीच्या दणक्याने जनावर पुष्कळदा जागीच कोसळते. बाणाचे तसे नाही. बाणाला दणका नसतो, धार असते. तो रक्तस्रावाने मारतो. बाण लागलेले जनावर धावते, झाडीत दिसेनासे होते, आणि शिकाऱ्याला हातपाय आवरून अर्धा तास, एक तास, जखम कुठे झाली त्यावरून कधी कितीतरी तास नुसते बसावे लागते. घाई केली तर जखमी प्राणी उठून आणखी दूर जातो आणि कायमचा हरवतो. नंतर पानावरचा रक्ताचा थेंब, उलटलेला दगड, गवतावरचे केस असे शोधत माग काढायचा. म्हणजे बाणाच्या शिकारीत नेम हा मध्यंतरापूर्वीचा अंक आहे. खरे नाटक पुढेच आहे, कारण आपण जे केले त्याच्या मागोमाग पायी चालत जावे लागते. माझ्या विद्यार्थ्याने नाटकाचा तेवढाच अंक गाळला.

यावरून मला एक साधी कसोटी सुचली. शिकारीवरच्या लेखनाचा कस नेमाच्या वर्णनात लागत नाही. लेखक रक्ताच्या मागावर किती दूर गेला, तिथे लागतो. ही कसोटी मी ओळखीच्या काही कृतींना लावून पाहिली.

आपल्या अभिजात परंपरेत धनुष्याला तोटा नाही. 'शाकुंतला'च्या पहिल्याच अंकात दुष्यंत रथातून हरणाचा पाठलाग करतो. कालिदास तिथे राजाच्या बाहुबलाचे वर्णन करीत बसत नाही. मान वळवून मागे पाहणारे, धापेने उघडलेल्या तोंडातून अर्धे चघळलेले दर्भ सांडणारे हरीण दाखवतो. आपण रथात बसलो आहोत हे विसरून वाचक हरणाच्या बाजूला जातो, आणि मग तपस्वी येऊन बाण आवरायला सांगतात तेव्हा ती आज्ञा आपल्याच मनातून निघाल्यासारखी वाटते. 'रघुवंशा'च्या नवव्या सर्गात दशरथाची मृगया आहे. नेम धरलेल्या हरणाच्या आड त्याची हरिणी येऊन उभी राहते आणि राजा ओढलेला बाण उतरवतो. पण त्याच सर्गाच्या शेवटी तोच दशरथ पाण्याच्या आवाजावर शब्दवेधी बाण सोडतो आणि एका तपस्व्याच्या पोराचा जीव जातो. दिसणाऱ्या जिवाची करुणा येणारा राजा न दिसणाऱ्या जिवावर बेधडक बाण टाकतो! कालिदासाने हे दोन प्रसंग एका सर्गात ठेवले, यात सगळे आले. आणि पुढे काय? दशरथ आवाजाच्या दिशेने जातो, बाण रुतलेला मुलगा पाहतो, त्याला त्याच्या आंधळ्या आईबापांपुढे नेतो, शाप घेतो. रामायणाची निम्मी कथा त्या एका मागावरून चालत आलेली आहे. महाभारतातही शेवट जरा व्याधाच्या बाणानेच होतो, आणि आपण कोणाला मारले हे पाहायला जरा जवळ जातो. आपल्या पूर्वसूरींना ही कसोटी ठाऊक होती, असे म्हणायला हरकत नाही.

एक भाषिक गोष्ट जाता जाता. राजा करतो ती मृगया, साहेब आणि संस्थानिक करतो ती शिकार, आणि पोटासाठी फासे लावणारा करतो ती पारध. पारधी हा तर जातिवाचक शब्द झाला. इंग्रजांच्या राज्यात गुन्हेगार जमातींच्या कायद्याने पारध्यांवर शिक्का बसला, तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली गेला. शिक्का अजून पुरता गेलेला नाही. एकाच कृतीला तीन शब्द वापरणाऱ्या भाषेत शिकारकथा लिहिणाऱ्याने आपण यांतल्या कुठल्या शब्दात उभे आहोत हे स्वतःला विचारले पाहिजे.

आमच्या मुलखापुरते बोलायचे तर ही भूमीच मुळी बाणाने मिळालेली! परशुरामाने बाण सोडून समुद्र हटवला, बाण पडला ती बाणावली, ही कथा इथले शेंबडे पोरही सांगते. कुशावतीच्या काठी पणसायमळ येथे जांभ्या कातळावर कोरलेले बैल आणि हरणे १९९३ साली अभ्यासकांच्या नजरेत आली. गोव्यातला पहिला चित्रकार सावजाकडे किती निरखून पाहत होता हे तिथे दिसते. पेडण्याच्या जत्रांत मी लहानपणापासून दशावतार पाहत आलो. कितीतरी आख्यानांत राजा "प्रधानजी, आज मृगयेस जाण्याचा आमचा मानस आहे" असे म्हणून पेटीच्या सुरावर दोन फेऱ्या मारतो. सावज कधीच रंगमंचावर येत नाही. त्याऐवजी वनात राजाला एखादी सुंदरी किंवा राक्षस भेटतो. दशावतारात मृगया ही नुसती वाट आहे, आख्यानाला रानात नेणारी. उलट धालोच्या शेवटच्या दिवशी आमच्याकडच्या बायका मांडावर सावज मारण्याचा खेळ करतात, त्यात सावज होणारी बाईही एक पात्र असते. ती दडते, धावते, पडते. जे पुरुषांच्या रंगभूमीला सुचले नाही ते मांडावरच्या बायकांना सुचले. सावजालाही पाठ असतो, हे.

आता आधुनिक मराठीकडे. एका काळी आपल्या मासिकांतून शिकारकथांचे पीक होते. मचाण, बांधलेला बकरा, टॉर्चचा झोत, बार, आणि शेवटी वाघावर पाय ठेवून काढलेले छायाचित्र. यांतल्या बहुतेक कथा छायाचित्रासाठीच लिहिल्यासारख्या आहेत. या पिकात वेगळे उठून दिसतात ते व्यंकटेश माडगूळकर. ते स्वतः बंदूक घेऊन हिंडलेले, आणि ती हौस त्यांनी लपवली नाही. पण 'नागझिरा'त ते वही घेऊन रानात बसतात आणि 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळ्यांकडे असे पाहतात, की माणसाने पाहिले आहे हेच वाचक विसरतो. 'सत्तांतर'ला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मला वाटते, माडगूळकरांची ती नजर बंदुकीने घडवलेली आहे. जनावर केव्हा थबकते, कान कुठे वळवते, हे शिकाऱ्याला जगण्यापुरते शिकावेच लागते. बंदूक खाली ठेवल्यावर ती नजर तेवढी उरली. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) वनखात्यात नोकरी करीत रानात राहिले आणि आदिवासींकडून, पारध्यांकडून शब्द गोळा करीत राहिले. त्यांच्या लेखनात माग काढण्याची विद्या आहे, मात्र मागाच्या टोकाला प्रेत नाही. त्यांच्याविषयी आदर ठेवूनही एक म्हणतो: त्यांचे रान वाचताना मन निवते, पण आपले हात माखलेले आहेत याची आठवण तिथे क्वचितच होते. ती आठवण करून देणारा लेखक वेगळा लागतो.

असा एक जिम कॉर्बेट. कुमाऊँच्या नरभक्षकांवरचे त्याचे १९४४ चे पुस्तक आपल्याकडे घरोघर वाचले गेले, ते थरारासाठी. पण त्याची खरी पाने पाहा. मोहानचा नरभक्षक त्याने झोपेत मारला, आणि माणसांचा काळ असलेल्या त्या वाघाबद्दलही तो वाचकापुढे आपली बाजू मांडत बसतो, कारण ते त्याला सलते. पोवळगढच्या प्रसिद्ध वाघाला त्याने आधी जखमी केले आणि मग दिवसचे दिवस त्याच्या मागावर तो एकटा हिंडला.

आणि दुसरा आल्डो लिओपोल्ड. माझ्या विद्यार्थ्याने ज्या ॲरिझोनात एल्क मारला, त्याच प्रांताच्या अपाची अरण्यात १९०९ साली हा तरुण वनाधिकारी होता. लांडगे मारले की हरणे वाढतील, असे तेव्हा त्याला वाटे. वरच्या कड्यावरून त्याने आणि सोबत्यांनी एका लांडगीवर गोळ्या झाडल्या, आणि तो खाली उतरून तिच्यापाशी गेला. तिच्या डोळ्यांतली हिरवी आग विझताना त्याने पाहिली. ही हकिगत लिहायला त्याला पस्तीसएक वर्षे लागली. मृत्यूनंतर १९४९ साली पुस्तक निघाले आणि निसर्गरक्षणाच्या विचाराला त्याने वळण दिले. एरवी हाच लिओपोल्ड स्वतः धनुष्ये घडवी आणि बाणाने हरणांच्या शिकारीला जाई. त्याने शिकार सोडली नाही. तो खाली उतरला, एवढेच.

अमेरिकेतल्या हौशी धनुर्धाऱ्यांची परंपरा तर एका मागाच्या टोकालाच सुरू होते. कॅलिफोर्नियात गोऱ्या वसाहतवाल्यांनी याही नावाच्या जमातीची अक्षरशः पारध केली. तिच्यातला शेवटचा माणूस १९११ साली उपाशी अवस्थेत रानातून बाहेर आला. त्याला लोक इशी म्हणू लागले. सॅक्स्टन पोप नावाचा डॉक्टर त्याच्याकडून धनुष्य करायला आणि चालवायला शिकला. इशी १९१६ साली क्षयाने गेला. पोपने १९२३ साली धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले आणि त्यावरून हजारो लोकांना हे वेड लागले. ज्याची पारध झाली त्याने पारध करणाऱ्याला धनुष्य शिकवले. माझ्या विद्यार्थ्याच्या सहा पानी धनुष्यवर्णनात इशीचे नाव नाही.

सावज नेहमी चतुष्पादच असते असे नाही. आमच्या शेजारच्या वेंगुर्ल्याच्या खानोलकरांची 'चानी' घ्या. परक्या शिपायाच्या अत्याचारातून जन्मलेली ती वेगळ्या रंगाची पोर, आणि तिच्यामागे लागलेले गाव. ही हाक्याची शिकारच आहे. हाकारे घालणारे गावकरी आपण शिकारी आहोत हे जाणतच नाहीत, आणि खानोलकर शेवटपर्यंत तिच्या बाजूला राहतात. पुंडलीक नायकांची 'अच्छेव' ही कोंकणी कादंबरी (१९७७) खाणीने गाव कसे पोखरले ते सांगते. तिथे बार सुरुंगाचा आहे. बार उडाल्यावर घरात, शेतात, नवराबायकोच्या नात्यात रक्त कुठे कुठे ठिबकत गेले त्याचा माग नायक काढतात. डिचोलीच्या माणसाला ही कादंबरी समजावून सांगावी लागत नाही. खाणी २०१२ साली बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने परवाने रद्द केले. पण डोंगराच्या जखमा आणि तळी तिथेच आहेत.

एवढे लिहून झाल्यावर कसोटी स्वतःला लावणे भाग आहे.

सातवीत असेन. मे महिन्याच्या सुटीत डिचोलीकडच्या आजोळी होतो. मामाकडे ठासणीची बंदूक होती, रानडुकरांपासून शेत राखायला म्हणून. एका रात्री मामा, आणखी दोघे आणि बॅटरी धरायला मी असे रानात गेलो. झरीवर मेरू आला. सांबराला आमच्याकडे मेरू म्हणतात. बॅटरीत त्याचे डोळे पेटले. शिंगे नव्याने फुटत होती, मखमल लावल्यासारखी. मामांनी बार काढला. तो गुडघ्यावर आला, उठला, आणि झाडीत गेला. बराच वेळ काटक्या मोडल्याचा आवाज येत होता. दगडावर रक्त होते, मी बॅटरी मारून दाखवले. मामा म्हणाले, "फाल्यां बघूंया." दुसऱ्या दिवशी घरात लग्नाची माणसे आली. तिसऱ्या दिवशी खालच्या व्हाळावर कावळे आणि घारी फिरत होत्या. मामांनी वर पाहिले आणि कौले शाकारायचे काम चालू ठेवले. मीही काही बोललो नाही. परवाना नव्हता, गुन्हा होता, हे मला पुढे कळले. पण मला सलते ते कायद्याचे नाही. चारशे पावले खाली उतरून आम्ही पाहिले नाही, हे सलते. मामा आता नाहीत. चांगले होते, मला त्यांनीच शिकवले. त्यांच्याबद्दल मी दोनदा लेख लिहिले. दोन्हींत मेरू आला नाही.

तेव्हा विद्यार्थ्याला फोन करताना माझा आवाज मास्तरकीचा राहिला नाही. मी विचारले, "बाण लागल्यावर साडेपाच तास तू काय करीत होतास?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "सर, पहिले दोन तास झाडाखाली बसून होतो. हात थरथरत होते. थंडीने नव्हे. माग अर्ध्यात तुटला तेव्हा मी देवाला नारळ बोललो, गावच्या. सापडला तेव्हा जिवंत होता अजून." मी म्हटले, "हे का नाही लिहिलेस?" तो म्हणाला, "इथले मित्र हे बोलत नाहीत, आणि तिथले लोक मला खाटीक म्हणतील. मग मापे लिहिली."

इथे त्याचा आणि आपल्या साऱ्यांचा दोष एकच आहे. शिकारीला नावे ठेवणाऱ्या समाजात आणि तिचे कौतुक करणाऱ्या समाजात, दोन्हीकडे लेखक मधली पाने गाळतो. एकीकडे लाजेने, दुसरीकडे मर्दुमकीने. गाळलेल्या पानांवाचून उरते ती मापांची यादी किंवा उपदेश. गोळावलीच्या वाघांवर वर्तमानपत्रांनी लिहिले, न्यायालयाने २०२३ साली व्याघ्रप्रकल्पाचा आदेश दिला. ती त्यांची कामे. पण गाय गमावलेल्या घरात त्या रात्री काय बोलले गेले असेल, हे लिहायला कथाकारच हवा, आणि तो त्या घराच्या उंबऱ्याच्या आत गेलेला हवा.

संपादकांना मी कळवले: लेख या वर्षी छापू नये. विषय शिकारीचा आहे म्हणून नव्हे. लेख अपुरा आहे म्हणून. लेखकालाही तेच कळवले, आणि सोबत माझी मेरूची हकिगत लिहून पाठवली, कारण न देता मागणे बरे नव्हे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. संपादकांनी राखून ठेवलेल्या जागेत तूर्त हा लेख जात आहे. ती मधली पाने आली, तर ती जागा त्याची.